मागचं उजवं चाक: शॉकअप तपासणीच्या नोंदी

४ ऑक्टोबर, मीटर ९१,६४०

गाडी साधी हॅचबॅक, पुढच्या चाकांवर चालणारी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली एकत्र जोडणी), मागे आडवा टॉर्शन बीम (दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी तुळई). त्यावर स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा. चारही कंपनीतून आले तेच, आजवर हात लावलेला नाही.

तक्रारी तीन. पहिली, डाव्या पुढच्या चाकाकडून टक टक, तीही हळू चालवताना बारीकसारीक खड्ड्यांवर. दुसरी, ऐंशीच्या वर गेलं आणि रस्त्याला लांबट चढउतार आला की गाडी होडीसारखी डुलते. तिसरी, मागे बसणाऱ्यांना मळमळतं. ही तिसरी मी वर्षभर "मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका" म्हणत उडवून लावत होतो. चालवणाऱ्याला स्टिअरिंगचा आधार असतो, त्याला काहीच कळत नाही.

मागच्या वर्षी घरघर ऐकून मी मागचं व्हील बेअरिंग बदललं होतं. घरघर जिथल्या तिथे. म्हणून या वेळी नियम असा: वहीत कारण लिहिल्याशिवाय एकही सुटा भाग मागवायचा नाही.

आज फक्त दोन कामं केली. चारही टायरची हवा दारावरच्या पट्टीत दिल्याप्रमाणे केली (उजव्या मागच्यात सहा कमी होती), आणि गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. पुढे डावी-उजवी ३ मिलिमीटरचा फरक, मागे २. म्हणजे गाडी कुठेही बसलेली नाही.

आपल्याकडे गाडी खाली गेली की "शॉकअप बसले" म्हणतात. बसते ती स्प्रिंग. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते; शॉकअपचं काम स्प्रिंगला एकदा दबल्यावर पुन्हा पुन्हा नाचू न देणं. गॅसच्या शॉकअपमुळे किंचित उचल मिळते, पण ती नगण्य. त्यामुळे उंची बरोबर आहे म्हणून शॉकअप चांगले, असं मात्र अजिबात नाही.

५ ऑक्टोबर

दाबून सोडायची परीक्षा. बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकवून तीनचार वेळा लय पकडून दाबायचं आणि एकदम सोडायचं. एकदा वर येऊन गाडी थांबली तर ठीक, दोनतीन हेलकावे घेतले तर शॉकअप गेला.

पुढचे दोन्ही कोपरे: वर आले, थांबले. मागचा डावा: तसाच. मागचा उजवा: वर आला, किंचित खाली गेला, थांबला. जास्तीत जास्त दीड हेलकावा. चौघेही पास.

माझा या निकालावर विश्वास नाही. गाडीत दोन वेगवेगळ्या गोष्टी हलतात. स्प्रिंगच्या वरची बॉडी सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डुलते. स्प्रिंगच्या खालचं चाक मात्र टायरच्या रबरावर सेकंदाला दहा ते पंधरा वेळा उसळतं. हाताने आपण फक्त पहिली हालचाल उठवू शकतो, तीही हळू. शिवाय बुश (सांध्यांतलं अस्तर) आणि सील यांच्या घर्षणानेच हळू हालचाल बरीचशी विरते. या परीक्षेत नापास झालेला शॉकअप नक्की गेलेला असतो. पास झालेल्याबद्दल ती काहीच सांगत नाही.

६ ऑक्टोबर

गाडी स्टँडवर, चाकं काढली, टॉर्च हातात. (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, हे एकदाच लिहून ठेवतो.)

पुढचा डावा: वरच्या भागावर तेलाचा पातळ थर, त्यावर धूळ चिकटलेली. नळकांडं खालपर्यंत ओलं नाही. दांड्यावर अगदी थोडं तेल येतंच, सीलला त्याचीच ओल लागते. एवढा घाम चालतो. थेंब ओघळत तळापर्यंत पोचला तर ती गळती. चिंधीने पुसून लख्ख केला, पुन्हा बघू. रबरी बूट (दांड्यावरचं वळ्यावळ्यांचं आवरण) मात्र दोन वळ्यांमध्ये फाटलाय, आतला दांडा दिसतो.

पुढचा उजवा: कोरडा, बूट शाबूत.

मागचा डावा: कोरडा.

मागचा उजवा: कोरडा. धुळीचं कव्हर वरच्या टोकाला सुटून खाली घसरलंय.

मग टायर. डोळ्यांना चारही बरे दिसत होते, हाताला दिसले नाहीत. उजव्या मागच्या टायरवर तळवा गोल फिरवला तर उंचवटा, खळगा, पुन्हा उंचवटा. खडूने टायरवर खुणा करून खाचांची खोली मोजली: कुठे ४.८ मिलिमीटर, त्याच्या वीतभर पुढे ३.६, पुन्हा ४.७. हात उलटा फिरवून पाहिला. अलाइनमेंट बिघडल्याने टायर झिजला असेल तर एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि उलट फिरवला की करवतीसारखं लागतं. इथे दोन्ही दिशांनी तेच खळगे. म्हणजे चाक रस्त्यावर टेकून चालत नव्हतं, टप टप आपटत चाललं होतं. बॅलन्सिंग बिघडल्यानेही असं होऊ शकतं, ते वेगळं तपासायला हवं.

आणि हो, मागच्या वर्षीची ती घरघर. खळगे पडलेला टायर हुबेहूब खराब बेअरिंगसारखा आवाज करतो. बिचारं बेअरिंग फुकट गेलं.

९ ऑक्टोबर

टक टक शोधायचा दिवस. हा आवाज शॉकअपचाच असणार असं सगळ्यांचं मत होतं, माझंही. पण मेलेला शॉकअप बहुतेक वेळा गप्प असतो. आवाज करतात ते त्याचे शेजारी: लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याला स्ट्रटशी जोडणारी सळी), लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचे) बुश, बॉल जॉइंट, वरचा माउंट (स्ट्रट बॉडीला टेकतो ती बैठक).

एकच चाक हवेत लटकत असताना लिंक रॉड ताणलेला राहतो आणि ढिला असूनही घट्ट वाटतो. म्हणून पुढची चाकं रॅम्पवर चढवली, वजन चाकांवरच ठेवलं आणि खाली शिरून लिंक रॉड हाताने झटकला. डावीकडे खट खट हाताला लागली. उजवीकडे काही नाही. खात्रीसाठी दोन्ही लिंक रॉड काढून, टोकं तारेने बांधून, गल्लीतल्या वेगाने एक चक्कर मारली. टक टक बंद. (लिंक रॉडशिवाय वळणावर गाडी जास्त कलते, फार फिरायचं नाही.)

वरचा माउंटही पाहून घेतला. धाकटा भाऊ स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होता, मी स्प्रिंगवर हात ठेवून उभा. बेअरिंग अडकलं असेल तर स्प्रिंग आधी पीळ घेते आणि मग टंग करून उसळते. दोन्हीकडे सरळ फिरली.

निकाल: आवाजाचं कारण डावा लिंक रॉड. डुलण्याचं कारण अजून नाही. स्ट्रट मागवले असते तर ते बसवताना लिंक रॉड सोडून पुन्हा लावला गेला असता, चार दिवस आवाज गेला असता आणि मी शॉकअपलाच श्रेय दिलं असतं.

११ ऑक्टोबर

आजचा दिवस सगळ्यात कामाचा.

पहिला प्रयोग: एकाच गतिरोधकावरून ताशी २० ने गाडी दोन्ही दिशांनी नेली, म्हणजे रस्त्याच्या एकाच कडेवरून दोन्ही बाजूंची चाकं दिसतात. भाऊ मोबाइलवर स्लो मोशन घेत होता, सेकंदाला २४० फ्रेमचं. डावीकडचं मागचं चाक: चढलं, उतरलं, एक हलकी उसळी, शांत. उजवीकडची फिल्म मी पाहण्याआधीच तो ओरडला, "दादा, हे चाक नाचतंय!" खरंच नाचत होतं. उतरल्यावर चार उड्या स्पष्ट मोजता आल्या, पाचवी अंदाजाने. एका उडीला वीसेक फ्रेम, म्हणजे सेकंदाला बारा. परवा लिहिलेली दहा ते पंधरा हीच. बॉडी त्या वेळी जवळजवळ स्थिर होती, म्हणून आत बसून काही कळत नव्हतं.

दुसरा प्रयोग: तापमान. शॉकअप आत काय करतो? पिस्टनच्या बारीक भोकांतून आणि व्हॉल्व्हमधून तेल ढकलतो, आणि स्प्रिंगच्या हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन नळकांड्यातून हवेत जाते. तेव्हा खराब रस्त्यावर चालवल्यावर जो शॉकअप थंड, त्याने काम केलेलं नाही. बारा किलोमीटर खडबडीत रस्ता एका दमात केला, थांबल्या थांबल्या इन्फ्रारेड थर्मामीटर नळकांड्यावर रोखला. हवा २९ अंश.

पुढचा डावा ४६, पुढचा उजवा ४७, मागचा डावा ४४, मागचा उजवा ३५.

आनंद झाला आणि लगेच शंका आली. सायलेन्सर डाव्या मागच्या बाजूला आहे. तो शेजारच्या शॉकअपला तापवत असेल तर? गाडी पूर्ण गार होऊ दिली, उभ्या उभ्या इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं, पुन्हा मोजलं. डावा ३१, उजवा ३०. सायलेन्सरचा वाटा फार तर दोन अंशांचा. उरलेला फरक शॉकअपचा.

ब्रेकही मारून पाहिले. नाक खाली जातं, पण त्यावरून काही ठरवलं नाही. ब्रेक धरून ठेवल्यावर नाक किती खाली जायचं हे स्प्रिंग आणि सांगाड्याची ठेवण ठरवते. किती झपाट्याने जायचं आणि सोडल्यावर किती हिंदकळायचं एवढंच शॉकअपच्या हातात असतं.

१४ ऑक्टोबर

बॅलन्सिंग आणि मशीनवरची चाचणी. बॅलन्सिंग चारही चाकांचं ठीक. मशीनवर चाक एका पाटावर उभं करून पाट सेकंदाला २५ वेळा थरथरवतात, मग थरथर हळूहळू उतरवत नेतात. त्या सगळ्या वेळात चाकाचा पाटावरचा दाब कमीत कमी किती उरला, याची टक्केवारी कागदावर येते. पुढचे ६३ आणि ६६, मागचा डावा ५२, मागचा उजवा १८. चाळिसाच्या खाली काळजी, विसाच्या खाली गेलेलाच समजतात. टायरची हवा आणि गाडीचं वजन यांवर हा आकडा बराच हलतो, हलक्या गाडीचं मागचं टोक मुळातच कमी दाखवतं. म्हणून नुसत्या आकड्यापेक्षा एकाच बीमवरच्या दोन चाकांमधला फरक मी जास्त मानतो.

१५ ऑक्टोबर

मागचा उजवा काढला. खालच्या गंजलेल्या बोल्टला आदल्या रात्रीच गंज सोडवायचं तेल पाजलं होतं, तरी लांब पान्याला लोंबकळावं लागलं. काढण्याआधी बीमखाली जॅक लावून ठेवला; शॉकअपच बीमला खाली जाण्यापासून अडवत असतो, तो निघाला की बीम लटकतो, ब्रेकची नळी ताणली जाते आणि स्प्रिंग जागेवरून सटकू शकते.

बाकात (व्हाइसमध्ये) उभा धरून दांडा दाबला. पहिले तीनचार सेंटिमीटर हात नुसता पडला, सायकलच्या पंपाचा वॉशर गेल्यावर पडतो तसा. पुढे थोडा अडला, पुन्हा मोकळा. आत गेला तो गेलाच, वर आला नाही. गॅसचा शॉकअप आपोआप सावकाश वर यायला हवा.

तुलनेला डावाही काढला आणि घाबरलो. त्यातही मध्येच पोकळ जागा लागली! मग आठवलं, काढल्यावर तासभर तो फरशीवर आडवा पडला होता. दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये आतल्या नळीत पिस्टन चालतो, जास्तीचं तेल बाहेरच्या नळीत जातं आणि त्याच्या डोक्यावर कमी दाबाचा नायट्रोजन असतो. आडवा ठेवला की गॅस आतल्या नळीत शिरतो. उभा धरून पाच वेळा पूर्ण दाबला, ओढला. पोकळी गेली, सगळीकडे एकसारखा विरोध, सोडल्यावर दांडा संथपणे वर. नवा बसवतानाही हे पंपिंग करायचंच, नाहीतर नव्या मालाला उगाच नावं ठेवली जातात.

आता उजव्याचा तळ उजेडात धरला. खालच्या वाटीभोवती मातीचा काळपट थर होता, तो मी ६ तारखेला चिखल समजलो होतो. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर मेणासारखा निघाला. तेल केव्हाच गळून, मातीत मुरून, वाळून गेलं होतं. "कोरडा" ही माझी नोंद चूक. गळायला काही उरलं नाही की शॉकअप कोरडाच दिसतो.

१७ ऑक्टोबर

मागवलं: मागचे शॉकअप जोडीने, कव्हर आणि बम्प स्टॉपसह (शॉकअप पूर्ण दबल्यावर आपटू न देणारं रबर), लिंक रॉड जोडीने. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला नव्वद हजार किलोमीटर चाललेला ठेवला तर दोन बाजू वेगवेगळ्या वागतात, म्हणून जोडी.

गॅरेजवाला मित्र म्हणतो, एवढं किलोमीटर झालंय, चारही टाकून मोकळा हो. ८०,००० च्या आसपास तपासा म्हणतात हे खरं, पण तपासा म्हणजे फेका नव्हे. पुढच्यांचं तापमान बरोबर, मशीनचा आकडा बरोबर. पुढचे राहतील, असं त्याला ठणकावून सांगितलं.

१९ ऑक्टोबर

मागचे बसवले. एक चूक: खालचे बोल्ट चाकं लटकत असतानाच टॉर्क रेंचने पूर्ण आवळले. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो तीच त्याची आरामाची स्थिती. लटकत आवळला तर गाडी खाली आल्यावर कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. दोन्ही ढिले केले, चाकांवर वजन येऊ दिलं, पुन्हा आवळले.

चक्कर मारली. ऐंशीला तो लांबट चढउतार आला, गाडी एकदा उठली आणि बसली. मागच्या सीटवर आईला बसवलं होतं. ती उतरताना म्हणाली, "आज झोप लागली बघ." घरघर आहेच. टायरचे खळगे शॉकअप बदलून भरत नाहीत.

२ नोव्हेंबर, मीटर ९२,०८०

डावा पुढचा स्ट्रट पुन्हा चिंधीने पुसला. ६ तारखेला लख्ख केला होता, आज चिंधी ओली निघाली. थर तळापर्यंत, खालच्या कडेला थेंब. साडेचारशे किलोमीटरमध्ये घामाची गळती झाली.

काम अजून करतोय, तापमान आजही उजव्याएवढंच. पण तेल एकदा असं ओघळायला लागलं की थांबत नाही. मित्राला फोन केला. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.

८ नोव्हेंबर

पुढचे दोन्ही. मागच्यापेक्षा हे काम वेगळ्या जातीचं. मागचा शॉकअप नुसता शॉकअप आहे. स्ट्रट हा सांगाड्याचा भाग, चाक त्याच्यावरच उभं असतं आणि वळतंही त्याच्याच अक्षाभोवती. अर्ल मॅकफर्सन यांनी ही रचना जनरल मोटर्समध्ये असताना १९४० च्या दशकात शेव्हर्ले कॅडेट या छोट्या गाडीसाठी मांडली. ती गाडी बाजारात आलीच नाही. ते पुढे फोर्डमध्ये गेले आणि १९५० साली दाखवलेल्या फोर्ड कॉन्सलला असे स्ट्रट होते. भाग कमी आणि जागाही कमी लागते, पण कडेने येणारा जोर दांडा आणि त्याच्या बुशवर पडतो.

आधी चाकाच्या खांबाला जोडणाऱ्या बोल्टांच्या जागी रंगाने खुणा, एबीएसची वायर आणि ब्रेकची नळी क्लिपमधून मोकळी, खांब तारेने बांधलेला, कारण तो बाहेर कलंडला तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट निसटतो. मग स्प्रिंग कॉम्प्रेसर समोरासमोर दोन लावून, आलटून पालटून थोडं थोडं आवळत. स्प्रिंग बैठकीत हाताने सैल फिरू लागल्यावरच वरचा मधला नट. त्याआधी तो नट सोडणं म्हणजे माउंट तोंडावर घेणं. मी तोंड बाजूला ठेवूनच सोडला. दांडा पक्कडीने धरला नाही. एक ओरखडा पडला तर नवं सील पहिल्याच महिन्यात फाटतं.

माउंट, बेअरिंग, बूट, बम्प स्टॉप सगळं नवं. नंतर अलाइनमेंट करून घेतलं, खुणा कितीही नेमक्या असल्या तरी.

९ नोव्हेंबर

मागचा उजवा जुना शॉकअप कापला. गॅस आत असेल तर हे धोक्याचं काम आहे. आधी चष्मा लावून, नळी बाकात अडकवून, बारीक ड्रिलने भोक पाडलं. फुस्स झालंच नाही. तेल काढून मापात ओतलं: ९० मिलिलीटर, काळं, उजेडात चमचमणारं. चमक धातूच्या भुकटीची. मग डावाही तसाच उघडला, त्यातून मात्र फुस्स आलं आणि २६० मिलिलीटर तेल.

सील बाहेर काढून भिंगाखाली धरलं. ओठाला एका जागी चीर. दांडा पुसला, नखाने वरपासून खालपर्यंत चाचपला, आणि नख अडलं. तिळाएवढा खड्डा, कडेला गंज, क्रोमचा पापुद्रा उडालेला. गाडी उभी असताना दांडा सीलमध्ये शिरतो त्याच्या जेमतेम वर, म्हणजे घसरलेल्या कव्हराने उघडा टाकलेल्या भागावर. प्रत्येक गचक्याला तो खड्डा सीलमधून आत-बाहेर जात होता.

पुढच्या डाव्या स्ट्रटचा दांडाही लगेच तपासला. फाटलेल्या वळ्यांच्या समोर, बोटभर उंचीत, बारीक उभे ओरखडे. नख अजून अडत नाही.